खांब मातीत की दगडावर?

शनिवारवाडा पाहून आलो असे आपण म्हणतो खरे, पण वाडा आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो तो दिल्ली दरवाजा, त्याच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना, बुरूज आणि तट. आत गेले की हिरवळ, तिच्यात उघडी पडलेली दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि माहितीच्या पाट्या. पाटीवर महालाचे नाव वाचायचे आणि समोरच्या मोकळ्या जागेत तो महाल आपापल्या कुवतीप्रमाणे मनात उभा करायचा. १७३० च्या जानेवारीत थोरल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, पुढे नानासाहेबांनी त्यात भर घातली. १८२८ च्या आगीत आतले लाकडी वैभव जळून गेले. दगड तेवढा राहिला.

तरीही त्या वाड्यातले एक दालन आजही पाहता येते. ते लंडनमध्ये आहे, टेट संग्रहात, कॅनव्हासवर. थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने रंगवलेले हे भव्य तैलचित्र १८०५ मध्ये तिथल्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. विषय राजकारणाचा आहे. १७९० मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला, त्या प्रसंगीचा हा दरबार. १६ वर्षांचे सवाई माधवराव, नाना फडणीस, पुण्यातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, दोन्हीकडचे मानकरी. चित्राच्या नावात मॅलेट आहे आणि चित्र घडले तेही त्याच्यासाठीच.

मला मात्र त्या चित्रात माणसांआधी घर दिसते. हा गणपती रंगमहाल, नानासाहेबांनी १७५५ मध्ये बांधलेला. सुरूच्या घाटाचे कोरीव खांब ओळीने आत सरकत जातात. खांबाखांबांमध्ये महिरपी. आणि त्या सगळ्या गर्दीच्या पलीकडे, दालनाच्या टोकाला, गणपतीची मूर्ती. तह करणारी माणसे एकमेकांकडे पाहत आहेत. गणपती सगळ्यांकडे पाहतो आहे. ज्या महालाला त्याचे नाव होते, ज्या महालात त्याचा उत्सव होत असे, त्या महालात तो शेवटचा असा या चित्रातच बसलेला आपल्याला सापडतो. खांब गेले, महिरपी गेल्या, छत गेले. तेल आणि रंग यांचा एक पातळ थर राहिला आणि त्या थराने अख्खा महाल सांभाळला.

हे चित्र कसे घडले ते कळले की त्याच्याविषयीचा आदर वाढतो आणि सावधपणाही. दरबार भरला तेव्हा डॅनियल तिथे नव्हता. रेखाटने त्याची नव्हतीच, ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची होती. आणि वेल्ससुद्धा १७९१ मध्ये मुंबईला उतरला, म्हणजे तहाच्या दुसऱ्या वर्षी. मॅलेटने त्याला पुण्यात आणले. वेल्सने पेशव्यांना, नानांना समोर बसवून त्यांची चित्रे केली. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे त्याने १७९२ मध्ये केलेले तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. दरबाराचे मोठे चित्र मात्र त्याच्या हातून पुरे झाले नाही. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यावरून पडून गेले. नोव्हेंबरात वेल्सही गेला. त्याची रेखाटने डॅनियलकडे आली आणि डॅनियलने लंडनमध्ये बसून महाल उभा केला. तोवर चित्रातला पेशवा जाऊन दहा वर्षे होत आली होती.

म्हणजे दरबार झाला तेव्हा चित्रकार नव्हता, आणि चित्र झाले तेव्हा पेशवा नव्हता. दोन्ही वेळा जागेवर होते ते एक घरच.

दालनाचे चित्र हे बहुतेक वेळा असेच जुळवलेले असते. योहान झोफनी या चित्रकाराने १७८१ ते १७८३ या काळात चार्ल्स टाउनली या श्रीमंत संग्राहकाचे चित्र केले. लंडनच्या घरातले त्याचे ग्रंथालय, भोवती रोमन संगमरवरी पुतळ्यांची दाटी. प्रत्यक्षात ते पुतळे घरभर पसरलेले होते. झोफनीने ते एका खोलीत आणून बसवले. पुढे टाउनलीला थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचा प्रसिद्ध पुतळा मिळाला, तर १७९८ मध्ये तोही त्याच चित्रात रंगवून घेतला. चित्र पुरे करून झोफनी १७८३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि लखनौच्या नवाबाच्या दरबारात रमला. विलायतेत अशा चित्रांची परंपराच आहे. गावाकडची मोठी घरे, त्यांतल्या बैठका, कोनाड्यांतले पुतळे, खिडकीतून येणारे ऊन. घरमालक ते चित्र काढून घेतो, म्हणून ते निघते. खोलीत काय दिसावे हेही तोच ठरवतो.

आणि काय दिसू नये, हेही त्यातच ठरून जाते. दरबाराच्या चित्रावरून पुढे कोरीव छाप निघाला. त्या दरबारात कोण कोण बसले आहे याची ओळख पटवण्याचे कुतूहल तेव्हापासून आजवर चालू आहे. पण ज्या खांबांना पाठ लावून ती मंडळी बसली आहेत, ते खांब कुणी कोरले? शनिवारवाड्याच्या कारागिरांची काही नावे इतिहासाने जपली आहेत. देवजी सुतार, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट. एवढ्या नावांनिशी ही माणसे आपल्यापर्यंत आली हेच मोठे भाग्य. त्यांचा चेहरा कुणी काढला नाही. त्याच काळात पुण्यात गंगाराम तांबट नावाचा एक अस्सल चित्रकार होता. मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे तो तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या घरातल्या माणसाने आपल्या घरातली शिल्पे पाहून काढलेली ती चित्रे. गंगाराम गणपती रंगमहालासमोर बसला असता, तर त्याने खांब कसा रंगवला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दरबाराच्या त्या चित्राची एक मोठी छापील प्रत माझ्यापाशी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला मुलांबरोबर चित्रकलेचे काही दिवस घालवायला गेले, तेव्हा ती गुंडाळून बरोबर नेली होती.

हेमलकशाच्या वाटेवर आलापल्ली सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग उभा राहतो. सरळसोट, पानगळीत खराट्यागत, पावसाळ्यात छत्रीएवढ्या पानांचा. हा साग साऱ्या देशात नावाजलेला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच भागातले सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत रवाना झाले. दूरच्या मंदिरात आज जे कोरीव दार पाहून माणसे हात जोडतात, त्याचे लाकूड या मातीतले आहे. पेरमिली, ताडगाव करत रस्ता हेमलकशाला पोचतो. पुढे पर्लकोटा नदी आणि पलीकडे भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हेमलकसा म्हटले की महाराष्ट्राला लोकबिरादरी प्रकल्प आठवतो, आणि ते योग्यच आहे. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी तो सुरू केला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने तिथे आयुष्य घातले, १९७६ मध्ये शाळा निघाली. ज्या माडिया आदिवासी मुलांच्या हाती पहिल्यांदा पाटी आली, त्यांची पुढची पिढी आज डॉक्टर, शिक्षक, वकील होते आहे. पण प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर जे गाव आहे, त्या गावात एक घर असते. त्याविषयी बोलायचे आहे.

ते घर म्हणजे गोटुल. गावाच्या मध्यावर, कुणा एकाच्या मालकीचे नसलेले. पाहुणा आला तर तिथे उतरतो. गावाचा तंटा तिथे बसून सुटतो. पंडुम, म्हणजे सण, ठरतो तिथे, ढोल टांगलेले असतात तिथे, शिकारीच्या, लग्नाच्या, पावसाच्या गोष्टी होतात तिथे. संध्याकाळी तरुण पोरे जमतात, थंडीत मध्ये शेकोटी असते. वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर, बाजूंना बांबूचे ताटवे किंवा नुसतीच मोकळी कड, आणि छप्पर पेलणारे लाकडी खांब. काही गावांत हे खांब कोरलेले असतात.

असा एक खांब मी जवळून पाहिला. मांडीएवढा जाड, एकाच ओंडक्याचा. कुऱ्हाडीने चौकोनी केलेला आणि वाकसाने गुळगुळीत केलेला, तरी वाकसाचे घाव बोटांना लागत होते. डोळ्यांच्या उंचीला तिरप्या रेघांची एक पट्टी चारही बाजूंनी फिरली होती. तिच्यावर एक सरडा, शेपूट खांबाच्या कडेवरून वळवून दुसऱ्या बाजूला गेलेले. कोरणाऱ्याने कड ही अडचण मानलीच नव्हती, खऱ्या सरड्याला जसे खोड असते तशी ती या सरड्याला मिळाली होती. त्याच्या वर चंद्र आणि सूर्य, दोन्ही गोलच, एकाला आतून खोलगट केलेले, दुसऱ्याला फुगीर ठेवलेले. खाली कासव. कासवाच्या पाठीवरच्या खाचांमध्ये धूर साचून काळे तकतकीत झाले होते. जिथे माणसे पाठ टेकून बसतात तेवढ्या पट्ट्यात लाकडाला तेलकट झळाळी होती आणि कोरीवकाम झिजून मऊ झाले होते. वर, जिथे पाठ पोचत नाही, तिथे रेघा ताज्या होत्या. त्या खांबाला किती पाठी लागल्या याची नोंद खांबावरच होती.

उजेड पडतो तो वळचणीखालून, खालच्या बाजूने. त्यामुळे खांबाचे पाय स्पष्ट दिसतात आणि माथा अंधारात जातो. डोळा सरावला की मग अंधारातून तुळई दिसते, बांध दिसतात, टांगलेले ढोल दिसतात. जवसाच्या तेलात रंग खलून थरावर थर चढवणाऱ्या चित्रकाराला याहून चांगली खोली कुठे मिळणार? तैलरंगाची खरी ताकद अंधार रंगवण्यात आहे. काळोखात तपकिरी किती, तांबूस किती, धुराचा निळसरपणा किती, हे तेलात उतरते. जलरंगात तो काळोख वाहून जातो, फोटोत तो नुसता काळा होतो. विलायतेत गावाकडच्या घरांच्या आतल्या उजेडाची कितीतरी चित्रे निघाली. आपल्याकडच्या या दालनाचे तसे एक चित्र मी अजून पाहिलेले नाही.

गोटुलातच मी ती प्रत उलगडली. मुलांनी आधी माणसे पाहिली. पगड्या मोजल्या, राजा कोणता त्यावर वाद घातला. गणपती लगेच ओळखला. तोवर गावातले एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले होते. गोटुलाच्या शेवटच्या डागडुजीत त्यांचा हात होता असे मुले म्हणाली. त्यांनी माणसांकडे पाहिलेच नाही. बोट ठेवले ते खांबावर, आणि ते बोट हळूहळू खाली नेले, जिथे खांब बसलेल्या माणसांच्या आड जातो तिथपर्यंत. मग ते माडियात काही बोलले. शेजारच्या नववीतल्या मुलाने मला सांगितले, "मॅडम, आजा विचारते, हा खांब मातीत गाडला हाय का गोट्यावर ठेवला हाय?"

मी सांगितले, दगडावर. वाड्याच्या खांबाखाली तळखडा असतो, घडवलेला दगड. खांब त्यावर नुसता उभा असतो.

"गाडला नाही?"

"नाही, आजोबा."

"मंग हालत कसा नाही?"

मी वर बोट दाखवले. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर मातीचा थर, त्यावर आणखी मजला. ते ऐकून त्यांनी मान डोलावली आणि मुलाला दोन वाक्ये सांगितली. मुलगा म्हणाला, "आजा म्हणते, वरचा भार लय हाय, म्हणून उभा हाय. आमचं छप्पर हलकं हाय. आम्ही नाही गाडला त वाऱ्यानं जाईल."

बांधकामाच्या पुस्तकात पानभर लागेल एवढे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले होते. वाड्याचा खांब वरच्या भाराने जागच्या जागी दाबून धरलेला असतो. गोटुलाचा खांब जमिनीने धरलेला असतो. दोन्ही घरांचे आयुष्य आणि दोन्ही घरांचे मरण या एका फरकात आहे. दगडावरच्या खांबाला वाळवी सहजी लागत नाही, तो शतकभर सहज उभा राहतो. पण वर तोललेले तेच मणामणाचे लाकूड एकदा पेटले की विझता विझत नाही. मातीतल्या खांबाला आगीपेक्षा ओल आणि उधई यांचे भय. तो खालून कुजतो. काही पावसाळ्यांनी तो काढून नवा रोवावाच लागतो.

आणि तेच त्याचे बळ होते. खांब बदलावा लागतो, म्हणून प्रत्येक पिढीत खांब कोरणारा माणूस लागतो. जुना खांब डोळ्यांसमोर असतानाच नवा कोरला जातो. पोरे बघत असतात. गणपती रंगमहाल इतका पक्का होता की तो पुन्हा कोरण्याची वेळच पुढच्या पिढ्यांवर आली नाही, आणि जळला तेव्हा तसा पुन्हा उभारण्याची ऐपत आणि इच्छा असलेले राज्यच उरले नव्हते. त्या महालाचे चित्र राहिले, हात राहिले नाहीत. गोटुलाचे हात राहिले, चित्र मात्र कुणी काढले नाही.

आजोबांनी मग दुसरे विचारले, चित्रातले खांब कुणी कोरले? मी कोंडाजी आणि देवजी या सुतारांची नावे घेतली. त्यांनी ती नावे एकदा आपल्या तोंडाने म्हणून पाहिली. नंतर आपल्या गोटुलातला एकेक खांब हाताने थोपटत ते सांगत गेले, हा कुणी कोरला, तो कुणी कोरला. एक त्यांच्या मामाने. सरड्याचा खांब ज्याने कोरला त्याच्या गावी आता त्याच्या नावाचा दगड उभा आहे, माडिया लोक आपल्या मृतांसाठी उभा करतात तसा. सगळी नावे त्यांना पाठ होती. ती मी इथे लिहीत नाही. ती त्या गावाची आहेत आणि त्या गावाने ती आपल्या भिंतीवर लिहावीत, असे मला वाटते.

गोटुलाचा खांब ही किती मोठी गोष्ट असू शकते, हे याच जिल्ह्याने एकदा दाखवून दिले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने आपले गोटुल नव्याने बांधायला घेतले. जंगलातून साग आणला. जंगल सरकारी, म्हणून वनखात्याने ते गोटुल पाडून लाकूड जप्त केले. गाव मागे हटले नाही. आसपासच्या गावांनी एकत्र बसून ठरवले की आता गावोगावी गोटुल उभे करायचे, बघू किती पाडता. गोटुले उभी राहिली आणि तशीच राहिली. पुढे याच मेंढा गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना तो मिळाला त्यांत हे गाव आहे. त्या हक्काची लढाई पुष्कळ अंगांनी झाली, सभांनी, अभ्यासगटांनी, कागदांनी. पण तिच्या मुळाशी एक घर होते आणि त्या घराचे खांब होते. राजवाड्याच्या दालनात झालेल्या तहाचे चित्र निघते. या घरात झालेल्या ठरावाचेही निघायला हवे होते.

चित्र निघाले म्हणजे सगळे वाचले, असे मात्र समजू नये. अजिंठ्याची कथा नेमकी उलटी आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या रानात राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनच्याच एका आगीत गेल्या. पुण्यात घर जळले आणि चित्र राहिले. अजिंठ्याला चित्रे जळली आणि घर राहिले. चित्र किंवा घर, एकावर भिस्त ठेवून चालत नाही. दोन्ही हवीत, आणि ती एकमेकांपासून फार लांब नसावीत. अजिंठ्याच्या नकला अजिंठ्याच्या पायथ्याशी असत्या तर लंडनच्या आगीशी त्यांचा संबंध आला नसता. गणपती रंगमहालाचे चित्र पुण्याच्या मुलाला पाहायचे तर त्याला पारपत्र लागते, ही गोष्ट मला मनापासून लागते.

आज हेमलकशाच्या आसपास फिरताना दिसते की गोटुलाचे हातही आता कमी होत चालले आहेत. कारणे सरळ आहेत आणि त्यांत कुणाचा दोष नाही. पोरे शाळेत आहेत, वसतिगृहात आहेत, आणि त्यांनी तिथेच असले पाहिजे. मोठे लाकूड तोडायला पूर्वीसारखी मोकळीक नाही. योजनेतून पैसा येतो तो सिमेंट, विटा आणि पत्र्याच्या इमारतीसाठी येतो. ती इमारत गळत नाही, उधई तिला खात नाही, गावाला ती हवी असते. तिचे खांब सळ्यांचे असतात. त्यांवर कोरता येत नाही. लोखंडी सळीच्या खांबाला बदलण्याची गरज पडत नाही, म्हणून पुढच्या पिढीला हातात वाकस घ्यायची वेळ येत नाही. पक्के घर आले की कारागीर जातो, हे पुण्याच्या वाड्यांनी आधीच शिकवलेले आहे.

मी त्या सिमेंटच्या इमारतीविरुद्ध नाही. पावसाळ्यात कोरडे बसायचा हक्क भामरागडच्या माणसालाही आहे. माझे म्हणणे एवढेच की जुना खांब उपटून चुलीत जाण्याआधी त्याचे चित्र निघावे. आणि नव्या इमारतीच्या ओट्यावर, छपराखाली, निदान एक लाकडी खांब तळखड्यावर उभा राहावा, गावातल्या माणसाकडून कोरून घेतलेला. खर्च फार नाही. इमारतीच्या आराखड्यात एक ओळ वाढवावी लागेल.

मुलांनी त्या दिवसांत खांब काढले. पेन्सिलीने, कोळशाने, शेवटी तैलखडूने. बहुतेकांनी सरडा काढला. पण नववीतल्या त्या मुलाने खांबाचा पायथा काढला, जिथे लाकूड मातीत शिरते तेवढाच भाग. मातीत उधईने केलेली वाट त्याने काढली, आणि लाकूड किती खोल गाडले आहे ते जमिनीखाली तुटक रेघेने दाखवले. जमिनीखालचे त्याला दिसत नव्हते. आजोबांना विचारून त्याने काढले. गणपती रंगमहालाच्या चित्रात माणसांच्या आड गेलेला जो भाग आहे, तोच भाग याने मुद्दाम काढला. दालनाचे चित्र कसे असावे याचा वस्तुपाठ मला त्या कागदात मिळाला. घर पाहणाऱ्याने घर बांधणाऱ्याला विचारले पाहिजे. वेल्स आणि डॅनियल मोठे चित्रकार होते, त्यांच्यामुळे आपल्याला महाल मिळाला, त्यांचे ऋण आहेच. पण त्यांनी कोंडाजीच्या शिष्याला विचारून खांब काढला असता, तर आज त्या चित्रावरून महाल पुन्हा बांधता आला असता.

म्हणून ही विनंती आहे, जे. जे.तल्या, नागपूरच्या, गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातल्या, कुठल्याही चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत जिथे कोरीव खांबांची गोटुले अजून उभी आहेत, तिथे जाऊन बसा. आधी गावाला विचारा, गायत्याला, म्हणजे गावप्रमुखाला विचारा. परवानगी मिळाली तरच वही उघडा. घाई करू नका, त्या अंधाराला डोळा सरावायला वेळ लागतो. खांबाची उंची मोजा, खोली विचारा, लाकूड कोणते ते विचारा, कोरणाऱ्याचे नाव विचारा आणि गावाची हरकत नसेल तर ते चित्रावर तुमच्या सहीच्या वर लिहा. ज्यांना तैलरंग येतो त्यांनी तैलरंगात काढा. आणि निघताना एक प्रत गावाच्या शाळेत ठेवा, नुसती बरोबर घेऊन जाऊ नका. भाताची कापणी आटोपली की नद्या उतरतात, रस्ते मोकळे होतात. तेव्हा या.